माउंट गेलाय

गॅरेजमध्ये गाडी घेऊन आलेला माणूस आधी तोंडाने आवाज काढून दाखवतो. ‘टक’ म्हणतो. लगेच ‘टक नाही हो, खट’ अशी दुरुस्ती करतो. तेवढ्याने समाधान झालं नाही तर एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यावर आपटून ‘असं, असं’ म्हणतो. मिस्त्री ऐकून घेतात. या नकलेतून त्यांच्या हाती फारसं काही लागत नाही, पण गिऱ्हाइकाचं पोट मोकळं झाल्याशिवाय चावी मागायची नाही, हा त्यांच्या धंद्यातला शिष्टाचार आहे.

तुर्भ्याला एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावरच्या या गॅरेजमध्ये माझं जाणं-येणं असतं. पुष्कळदा कामाशिवायच. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. पंप, ब्लोअर आणि गिअरबॉक्स यांच्या कुरबुरी ऐकण्यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जाऊन बसतात, मला ग्रीसचा वास लागतो. मिस्त्री मूळचे कऱ्हाडकडचे. कुर्ल्याला फियाट टॅक्स्यांवर त्यांचा हात बसला. आता जर्मन गाड्याही त्यांच्याकडे येतात. कॉम्प्युटरचं त्यांना वावडं नाही. स्कॅनर आहे, लावतातही. पण रबर फाटलं की स्कॅनरवर कुठलाही कोड उमटत नाही, आणि मग गाडी पुन्हा त्यांच्या हातात येते.

या गॅरेजमध्ये माझा भाचा त्याची स्पोर्ट्स कार घेऊन आला. तो न्हावा-शेव्याला कंटेनरच्या वाहतुकीत आहे. धंदा बरा चालला तेव्हा त्याने आणि त्याच्या मित्राने मिळून ही जुनी गाडी घेतली. जर्मन बनावट, दोनच सीटा, इंजिन सीटांच्या पाठीमागे, डिकी पुढे एक आणि मागे एक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझी बहीण त्या गाडीविषयी ‘बसायला पाट, उठायला क्रेन’ असं म्हणते आणि अजून एकदाही आपणहून तिच्यात बसलेली नाही.

भाचा गाडी ट्रॅकवर नेतो. रात्री अकरानंतर पाम बीच रोड मोकळा दिसला की पाय जड होणाऱ्या पोरांची नवी मुंबईत कमी नाही. याने तो नाद सोडून तळेगावजवळच्या नानोलीची वाट धरली, म्हणून त्याचे बाकीचे हट्ट मी पोटात घालतो. अधूनमधून तो कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेचा विषय काढतो, पण २.१ किलोमीटरच्या ट्रॅकसाठी गाडी ट्रेलरवर घालून तमिळनाडूपर्यंत न्यायचा खर्च ऐकला की पार्टनर विषय बदलतो.

तक्रार दोन तोंडांची होती. ट्रॅकवर ब्रेक दाबून वळणात शिरताना स्टिअरिंग फिरवलं की गाडी वळायची, पण क्षणभर थांबून. ‘मामा, ऐकते, पण एक श्वास उशिरा,’ असं तो म्हणाला. आणि घराजवळ, नेरूळच्या आतल्या रस्त्यांवर गतिरोधकावरून उतरताना उजव्या बाजूने ‘धप’ असा आवाज यायचा. वेग वाढला की आवाज बंद. सायन-पनवेल हायवेवर गाडी मुकाट चालायची.

मिस्त्रींकडे येण्याआधी त्याने चार ठिकाणी सल्ले घेतले होते. त्या मंडळींचं एकमत एवढंच, की शॉकअप गेले. चार शॉकअप बदला, बदलताय तर ट्रॅकचेच घाला, घालताय तर स्प्रिंगाही घ्या. लाखांचा हिशेब झाला होता. एकाने गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला आणि ‘बघ, हलते’ म्हणून निदान केलं. ही दाबून सोडायची परीक्षा आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, पण तिच्यावर माझा विश्वास नाही. शॉकअप पार मेला असेल तरच गाडी त्या परीक्षेत नापास होते. अर्धा गेलेला शॉकअप त्यात हसतखेळत पास होतो, आणि हाताने दाबून काही हललंच तर ते नेमकं काय हललं, हे कळतच नाही.

दुसरा पुरावा म्हणून भाच्याने अलाइनमेंटचा कागद दाखवला. सगळे आकडे हिरवे. ‘मग पुढचं सस्पेन्शन ठीकच असणार ना?’ असा त्याचा प्रश्न. मिस्त्रींनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, ‘शेठ, ही गाडी उभी असतानाची पत्रिका. आवाज चालताना येतो.’

त्यात तथ्य आहे. अलाइनमेंट मोजताना गाडी सपाट जागी, आपल्याच वजनावर, शांत उभी असते. सस्पेन्शनमधलं फाटलेलं रबरही अशा वेळी त्या वजनाखाली मधोमध बसून राहतं. खरी परीक्षा होते ती ब्रेक आणि वळण एकदम आल्यावर. उभ्या अवस्थेत अशा गाडीच्या पुढच्या एका चाकावर तीनएकशे किलो भार असतो. ट्रॅकवर करकचून ब्रेक लावला की त्यात आणखी शंभरावर किलोंची भर पडते, आणि वळणात बाहेरच्या चाकावर त्याहून जास्त. तेवढ्या भाराखाली रबर कुठे सरकतं, हे मशीनला कधी दिसत नाही.

हे रबर असतं माउंटमध्ये. आता हा माउंट म्हणजे काय, ते सांगायला हवं. जुन्या चांगल्या गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असत. आपल्या ओळखीच्या प्रीमियर पद्मिनीतही होते. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने वरचा आर्म काढून टाकला. जनरल मोटर्समध्ये तो एका छोट्या गाडीवर काम करत होता. १९४७ मध्ये कंपनीने ती गाडीच गुंडाळली आणि मॅकफर्सन फोर्डकडे गेला. १९५० मध्ये इंग्लंडात आलेल्या फोर्ड कॉन्सलला त्याची मांडणी मिळाली. त्याने शॉकअपलाच खांब केलं. खाली एक आर्म, आणि वर खांबाचं डोकं थेट गाडीच्या अंगात अडकवलेलं. जागा वाचली, सुटे भाग कमी झाले, पैसे वाचले. आपल्याकडे घरोघर ही मांडणी आली ती १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर उतरलेल्या मारुती ८०० बरोबर. आज बाजारातल्या बहुतेक छोट्या-मोठ्या गाड्यांत पुढे हीच आहे. भाच्याच्या गाडीत तर पुढे आणि मागे, चारही चाकांना.

खांबाचं डोकं गाडीच्या अंगात ज्या जागी अडकतं, तिथे तळहातात मावेल एवढी एक वस्तू असते. धातूच्या दोन भागांमध्ये चिकटवलेलं रबर, आणि पुढच्या चाकांना त्याखाली एक चपटा बेअरिंग. हाच माउंट. स्प्रिंगमार्गे येणारा भार तो झेलतो, शॉकअपच्या दांड्याचे धक्के खातो, स्टिअरिंग फिरवलं की अख्खा खांब त्याच्यावर फिरतो, आणि रस्त्याची झिणझिण आत येऊ देत नाही. मॅकफर्सनने वरचा आर्म काढला, पण त्याची कामं कोणाच्या तरी गळ्यात पडणारच होती. त्यांतली बरीचशी या रबराच्या गळ्यात पडली.

इंजिनाचे पिस्टन आणि ब्रेकचे लाल कॅलिपर यांची लोक कौतुकं करतात. माउंटचा कोणी फोटो काढत नाही. तो गेला की मात्र गाडीचं अक्षर बिघडतं. अशा खांबाची लांबी साधारण ६०० मिलिमीटर धरा. त्याचं वरचं टोक नुसतं ५ मिलिमीटर सरकलं तरी चाकाचा कल, म्हणजे कॅम्बर, जवळजवळ अर्ध्या अंशाने बदलतो. ट्रॅकवर जाणारी माणसं अर्ध्या अंशासाठी रात्री जागतात. रबर फाटलेलं असेल तर वळणात शिरताना खांब आधी ते ५ मिलिमीटर सरकतो, मग टेकतो आणि त्यानंतर टायर रस्ता धरतो. भाच्याचा ‘एक श्वास’ तो हाच.

पण हे सगळं निदान झाल्यावर सांगायला सोपं. निदानाआधी समोर असतो तो एक ‘धप’, आणि कान हा अशा वेळी मोठा लबाड साक्षीदार ठरतो. कारखान्यात आम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावायचो. हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, पोलादात सुमारे ५,००० मीटर. पोलाद आवाजाला नुसती वाट देतं असं नाही, त्याला वाटेल तिथून बाहेर पडायची मुभाही देतं. ब्लोअर बोंबलायचा आणि ऑपरेटर शपथेवर मोटरकडे बोट दाखवायचा. गाडीचं सगळं अंग म्हणजे एकमेकांना वेल्ड केलेले पत्रे. डाव्या खांबाच्या डोक्यावर बसलेला ठोसा पुढच्या आडव्या पत्र्यातून स्टिअरिंगच्या नळीत येतो आणि उजवीकडे बसलेल्या चालकाला तो आपल्याच गुडघ्यापाशी ऐकू येतो.

आवाजाच्या जातीवरून मात्र थोडा अंदाज बांधता येतो. लिंक रॉड गेला असेल तर खरबरीत रस्त्यावर हलकी, सलग ‘टकटकटक’ येते. खालचा बॉल जॉइंट ब्रेक लावताना किंवा सोडताना एकदाच ‘कट’ म्हणतो. लोअर आर्मचा बुश गाडी सुरू करून मागे-पुढे घेताना बोलतो. ब्रेकचे पॅड खुळखुळत असतील तर ब्रेकला नुसता पाय लावला की गप्प. माउंटचं रबर फाटलं की एकेकटा, बोदा ‘धप’ येतो, तोही हळू वेगात आणि छोट्या, टोकदार उंचवट्यावर. चाक उतरताना जास्त. बेअरिंग गेला असेल तर पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवताना स्प्रिंग ‘टंग’ करून सुटते. हे सगळं मला पाठ आहे, आणि तरीही त्यावर मी एक रुपयाचा पार्ट मागवणार नाही. मिस्त्रीही मागवत नाहीत.

त्यांनी चावी घेतली आणि भाच्याला शेजारी बसवून ते ट्रायलला निघाले. भाच्याला वाटलं वाशी खाडी पुलावर नेतील, कारण तिथे जोडांवर गाडी ठरावीक लयीत आदळते. मिस्त्रींनी नकार दिला. पुलाचे जोड रस्त्याच्या आडव्या रेषेत असतात, दोन्ही चाकं एकदम आदळतात, मग डावं की उजवं ते कसं कळणार? त्यांनी गाडी आतल्या एका रस्त्यावर घातली. तिथे पाण्याच्या पाइपलाइनसाठी खणलेला चर बुजवून वर अर्ध्याच रुंदीत डांबर फासलेलं होतं. जाताना डावं चाक त्या टेंगळावरून गेलं. धप. वळून परत येताना उजवं गेलं. काही नाही. पुन्हा तेच. भाच्याच्या कानाला आवाज अजूनही उजवीकडूनच येत होता, पण तो येत होता डावं चाक आदळल्यावर. मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांनी आरशात बघून गाडी गॅरेजकडे वळवली.

टायर आधीच काहीतरी सांगत होते. पुढचे दोन्ही आतल्या कडेला जास्त झिजले होते, पण ट्रॅकसाठी चाकं वरून आत कललेली ठेवतात, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. खूण होती ती दोन टायरांमधल्या फरकात. उजव्याची झीज गुळगुळीत, डाव्याची हाताला उलटसुलट खरखरीत लागणारी. अशा ठिकाणी डोळ्यांपेक्षा तळहात बरा.

गाडी जमिनीवरच ठेवून पुढची डिकी उघडली, प्लास्टिकची आवरणं काढली. दोन्हीकडे खांबांची डोकी दिसली, मधोमध एकेक नट. मिस्त्रींनी पोऱ्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि माझा उजवा हात धरून उजव्या डोक्यावर ठेवला. ‘काका, डोळे मिटा.’ पोऱ्याने इंजिन चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. हाताखाली एकसारखी, जात्याच्या पाळीसारखी मऊ घरघर. मग हात डावीकडे. स्टिअरिंग फिरू लागलं, आणि हाताखाली आधी काहीच झालं नाही. खांब अडून बसला, स्प्रिंगने पीळ धरला आणि मग तळव्यात एकदम उडी बसली. पुन्हा अडला, पुन्हा उडी. कानाला तेव्हा काही ऐकू आलं असेल तर ते समोरच्या रस्त्यावरच्या टेम्पोचं हॉर्न.

यानंतर गाडी लिफ्टवर उचलली. चाकं लोंबकळू लागली तसा डावा नट खाली गेला, उजवा गेला तोही, पण कमी. थोडी हालचाल प्रत्येक रबरात असते, म्हणून एका बाजूचा आकडा निरुपयोगी. दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या तरच अर्थ लागतो. मिस्त्रींनी तरीही लिंक रॉड दोन्हीकडचे सोडले आणि गाडी पुन्हा त्याच टेंगळावरून नेऊन आणली. आवाज तसाच. बॉल जॉइंटला टॉमी लावून पाहिलं, घट्ट. वरचा नट ढिला तर नाही ना, तेही पाहिलं, कारण नुसता नट ढिला असला तरी हुबेहूब हाच आवाज येतो आणि पाच मिनिटांच्या कामासाठी लोक हजारो रुपयांचे पार्ट बदलून बसतात. नट घट्ट होता. एकेक संशयित निर्दोष सुटत गेला, शेवटी उरला तो माउंट.

खांब काढून बाकावर घेतला, स्प्रिंगला कॉम्प्रेसर लावला. या वेळी मिस्त्री कोणालाही समोर उभं राहू देत नाहीत, मोबाइलवर शूटिंग करणाऱ्याला तर हाकलूनच देतात. दाबून धरलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर असतो आणि कॉम्प्रेसर घसरला तर तो माणूस बघत नाही. नट सुटला, माउंट हातात आला.

वरून बघाल तर धडधाकट. उलटा केल्यावर दिसलं. रबर धातूपासून अर्धवर्तुळात सुटलं होतं, नखाचं टोक आत जाईल एवढी फट. फटीच्या कडेला रबर फाटकं, भुसभुशीत दिसायला हवं, पण ते चकचकीत होतं. धातू तिथे किती तरी काळ घासत राहिला असणार. म्हणजे दुखणं नवं नव्हतं, आवाज नवा होता. बेअरिंगमध्ये ग्रीसच्या जागी तपकिरी लगदा. इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, उरलेलं वर्ष खाडीची खारी हवा. बोटाने फिरवला की बेअरिंग एकाच ठरावीक जागी अडायचा. ती जागा म्हणजे चाक सरळ असतानाची.

या अडण्याने मला कारखान्यात नेलं. आमच्याकडे प्रत्येक महत्त्वाच्या पंपाशेजारी एक जादा पंप उभा असे. चालता पंप बंद पडला तर लावायचा म्हणून. हा उभा पंप अनेकदा पहिल्याच दिवशी बेअरिंगचा आवाज करी. न चालता बेअरिंग खराब कसा? शेजारच्या पंपाची थरथर फाउंडेशनमधून येते, उभ्या बेअरिंगच्या गोळ्या महिनोन्‌महिने एकाच जागी थरथरतात आणि त्या जागी खळगे पाडतात. म्हणून दर पाळीला उभ्या पंपाचा शाफ्ट हाताने थोडा फिरवून ठेवायचा, असा नियम होता. गाडीचं चाकही बहुतेक वेळ सरळच असतं. सगळे ठोसे त्याच जागी बसलेल्या त्याच गोळ्यांतून जातात, खळगे तिथेच पडतात. मग सरळ चालताना स्टिअरिंग त्या खळग्यात बसतं, वळवताना आधी त्यातून बाहेर यायला कुरकुरतं, आणि वळून झाल्यावर आपणहून मध्यावर यायला कंटाळतं. भाचा म्हणाला, ‘हे तर मला वर्षभर जाणवत होतं, मला वाटलं टायर जुने झालेत.’

बहिणीने निकाल आधीच लावून ठेवला होता: ट्रॅकवर नेऊन नेऊन गाडीची वाट लावली. मला तो पटत नाही. ट्रॅकचा वाटा आहेच. भार मोठा, ब्रेकची उष्णता, आणि वळणाच्या कडेचे लाल-पांढरे कर्ब अंगावर घेतले की माउंटला जबर ठोसा बसतो. पण ट्रॅकचं डांबर सपाट असतं, तिथला भार मोठा असला तरी चढत जाणारा असतो. रबराला तो सोसतो. त्याला सोसत नाही तो टोकदार धक्का, कारण चाक जेवढ्या झटक्याने वर जातं, तेवढा शॉकअप कडक होतो आणि सगळा ठोसा डोक्यावर नेतो. ट्रॅक वर्षातून मोजके दिवस असतो. आमच्या सेक्टरमधले गतिरोधक रोज असतात.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये गतिरोधकांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटरने तो सुखाने ओलांडता यावा, असं सांगितलं आहे. ३.७ मीटर म्हणजे जवळजवळ एका छोट्या मोटारीची लांबी. तुमच्या घरापासून हमरस्त्यापर्यंत असा एक तरी गतिरोधक दाखवा. असतात ते हातभर रुंदीचे डांबराचे वरवंटे, नाहीतर बोल्टने ठोकलेल्या काळ्या-पिवळ्या पट्ट्या. त्यांतल्या दोन-चार निखळलेल्या, म्हणजे वर रबर आणि खाली बोल्टची टोकं. स्पोर्ट्स कारचे टायर पातळ, स्प्रिंगा कडक. टायरने खायचा धक्काही माउंटच्याच वाट्याला येतो.

आणि रबर म्हातारं होतं हे आपण सोयीस्कर विसरतो. दोडामार्गकडे रबराच्या बागांतून हिंडताना झाडाच्या सालीवरच्या तिरक्या चिरेतून चीक वाटीत पडताना पाहिला आहे. त्या चिकावर गंधकाची आणि उष्णतेची प्रक्रिया झाली की तो टिकाऊ होतो. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेली ती युक्ती अजून तीच आहे. पण टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. ऊन, ओझोन आणि तेलाचे शिंतोडे रबर रोज थोडं थोडं खात असतात. सायनचा उड्डाणपूल २०२० च्या सुरुवातीला टप्प्याटप्प्याने बंद ठेवला होता, ते वाहतूक कोंडीमुळे नवी मुंबईकरांच्या लक्षात असेल. तेव्हा पुलाचे गर्डर उचलून खालचे बेअरिंग बदलले. अनेक पूलही अशाच रबरी गाद्यांवर बसलेले असतात आणि त्या गाद्यांना मुदत असते. अख्ख्या पुलासाठी आपण हे मान्य करतो, गाडीच्या बाबतीत मात्र ‘अजून चालतंय ना’ म्हणतो.

नवे माउंट मागवायची वेळ आली तेव्हा भाच्याने मोबाइल पुढे केला. ट्रॅकवाले रबर काढून टाकतात आणि त्या जागी गोल सांध्याचा धातूचा माउंट घालतात, वर कॅम्बर बदलायच्या खाचा. रबरच नाही, त्यामुळे सरकायचा प्रश्न नाही. गाडी विचार केल्याक्षणी वळते. भाच्याचे डोळे चमकत होते. मिस्त्रींनी मान डोलावली, ‘चांगली वस्तू आहे,’ म्हणाले आणि पुढे विचारलं, ‘शेठ, गाडी ट्रेलरवर नेणार की चालवत?’

चालवत. खालापूर, घाट, लोणावळा करत, आणि एरवी रविवारी उरणपर्यंत. मग ती वस्तू या गाडीत नको, असं माझंही मत पडलं. धातूवर धातू असला की रस्त्यातला प्रत्येक खडा आत ऐकू येतो. धूळ आणि पावसात तो सांधा लवकर ढिला होतो, आणि मग पुन्हा ‘टक’, या खेपेला खरोखरचा. रबर ठोसा गिळतं, हा त्याचा गुण आहे. वळणातला तो किंचित उशीर ही त्याची किंमत. नुसत्या ट्रॅकच्या गाडीने ती किंमत देऊ नये. नेरूळमध्ये राहणाऱ्या गाडीने द्यावी. भाच्याने कंपनीचेच रबरी माउंट घेतले, चेहरा पाडून. शॉकअप काढून तपासले, तेल गळत नव्हतं, दांडा सरळ होता. तेच परत बसवले. लाखांचा हिशेब हजारांत मिटला. पार्टनरने मला दुसऱ्या दिवशी पेढे आणून दिले, म्हणून हे खात्रीने लिहितो.

ट्रॅक नकोच, असं म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. उलट ते कमी आहेत. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला १९९० च्या सुमारापासून पावणेचार किलोमीटरचा ट्रॅक आहे. २०२४ मध्ये तर चेन्नईने भर शहरात रात्रीची शर्यत भरवली. नवी मुंबईतही अशी रस्त्यावरची शर्यत व्हायची घोषणा २०२५ मध्ये झाली. घोषणेचं मला फारसं अप्रूप नाही. दोन दिवस कठडे लावून पाहुण्यांच्या गाड्या पळवण्यापेक्षा इथल्या पोरांना वर्षभर हेल्मेट घालून, अॅम्ब्युलन्स उभी ठेवून, पैसे भरून जाता येईल अशी एक जागा पनवेल-खालापूरच्या बाजूला झाली तर पाम बीचवरच्या पंक्चरलेल्या रात्री कमी होतील. ट्रॅकवर जाणारा माणूस गाडी उघडून बघायला शिकतो, हा आणखी एक फायदा. रस्त्यावर उडवणारा फक्त सायलेन्सर बदलतो.

तेव्हा ट्रॅकवर जात असाल, किंवा जात नसाल आणि गाडी सात-आठ वर्षांची झाली असेल, तर एवढं करा. बॉनेट उघडून खांबाच्या डोक्यावर हात ठेवा आणि कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. दोन्ही बाजू बघा, कारण एकट्या बाजूवरून काही कळत नाही. माउंट बदलायची वेळ आली तर जोडीने बदला, बेअरिंगसकट. मधला नट नवा घ्या. तो एकदाच वापरायचा असतो. तो हवेच्या गनने ठोकू देऊ नका, दांडा एलन कीने धरून टॉर्क रेंचने आवळायला लावा. काम झाल्यावर अलाइनमेंट करा, आणि थोडी गाडी चालवून रबर बसल्यावर पुन्हा तपासून घ्या. आणि आवाज नुसता तोंडून ऐकून, गाडीला हात न लावता ‘शॉकअप गेले’ असं कोणी सांगितलं, तर चावी परत मागून घ्या.